फटींतून निसटणारी वाफ

बीड जिल्ह्यांतील उमापूर येथून आमच्या एका वाचकांनीं विचारणा केली आहे कीं, परळीच्या औष्णिक वीजकेंद्रांतील टर्बाइनचीं पातीं आणि त्यांच्या भोंवतालचें कवच ह्यांच्यामध्यें एक बारीक फट असते व तींतून वाफ कांहींही काम न करतां निसटून जाते असें ऐकिवांत आहे. मग ही फट बुजवून कां टाकीत नाहींत? प्रश्न दिसावयास साधा आहे. परंतु मोठमोठ्या यंत्रविशारदांनीं शंभराहून अधिक वर्षें ह्याच फटीशीं झुंज दिली आहे. शिवाय हा प्रश्न गेवराई तालुक्यांतून यावा हेंही योग्यच. पैठणच्या नाथसागराचें पाणी १३२ किलोमीटर लांबीच्या उजव्या कालव्यानें ह्याच तालुक्यांतून माजलगांवाकडे जातें. पाट पाझरला तर शेवटच्या शेतकऱ्याच्या वांट्यास काय येतें, हें तेथील मंडळींस आम्हीं सांगावयास नको.

प्रथम यंत्राची ओळख करून घेऊं. परळी येथें १९७१ सालीं ३० मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला. त्यानंतर २००७ पासून बसविलेले संच प्रत्येकीं २५० मेगावॅटचे आहेत. एवढ्या मोठ्या संचांत वाफ शिरते ती हवेच्या दाबाच्या सुमारें दीडशेंपट दाबानें आणि सुमारें ५४० अंश सेल्सिअस इतकी तप्त. ती स्थिर पात्यांच्या ओळींतून वळण घेऊन फिरत्या पात्यांवर येते, त्यांस ढकलते, आणि अशा अनेक ओळी ओलांडीत आपला दाब व उष्णता खर्च करते. शेवटीं थंड होऊन तिचें पुन्हां पाणी होतें. पातीं बसविलेला कणा मिनिटास ३,००० फेरे करतो. आतां फिरणारी वस्तु स्थिर वस्तूस चिकटून कशी फिरणार? जात्याचेंच उदाहरण घ्या. वरचा दगड खालच्यावर अगदीं दाबून बसला तर पिठांत कच येते आणि दळणारीचे हात भरून येतात. टर्बाइनचें प्रकरण त्याहून फार नाजूक. कणा कित्येक टन वजनाचा. तापला कीं तो लांबतो, कवचही फुगतें, पण दोहोंचा वेग सारखा नसतो. शिवाय गति वाढवितांना एका विशिष्ट टप्प्यावर कणा थरथरूं लागतो. म्हणून थोडें अंतर राखणें भागच आहे, मग तें मिलिमीटरचा कांहीं अंशच कां असेना. फट शून्य केली तर यंत्र पहिल्याच दिवशीं घासून निकामी होईल.

ह्या फटीनें होणारें नुकसान दुहेरी आहे. पात्याच्या टोकावरून निसटलेली वाफ काम करीत नाहीं, हें एक. दुसरें सहसा ध्यानांत येत नाहीं: ती वाफ पुढें मुख्य प्रवाहांत भलत्याच दिशेनें घुसते, तेथें भोंवरे उठतात, आणि जी वाफ इमानें काम करीत होती तिचाही जोर मोडतो. केंब्रिजचे संशोधक जॉन डेन्टन ह्यांनीं १९९३ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधांत म्हटलें आहे कीं, पुष्कळ यंत्रांत एकंदर तुटीचा सुमारें तिसरा हिस्सा ह्या गळतीपायीं जातो. उच्च दाबाच्या भागांत पातीं आंखूड असल्यामुळें तेथें हा उपद्रव विशेष. २५ मिलिमीटर उंचीच्या पात्यावर अर्ध्या मिलिमीटरची फट म्हणजे शेंकडा दोन; तीच फट अर्ध्या मीटरच्या पात्यावर खिजगणतींतही नाहीं.

शेंकडा एक-दोनाचा एवढा बाऊ कशाला, असें कोणी म्हणेल. तर हिशेब मांडून पाहूं. युनिटमागें ७०० ग्रॅम कोळसा धरला, तर २५० मेगावॅटचा एक संच पूर्ण भारानें चालतां दिवसास ४,२०० टन कोळसा जाळतो. फटी रुंदावून त्यांत शेंकडा एकाची वाढ झाली, तर रोज ४२ टन अधिक. पाण्याचीही तीच कथा, कारण कामीं न आलेली उष्णता अखेर थंड करावयाच्या पाण्यावरच येऊन पडते. युनिटमागें ३ लिटर पाणी धरलें, तर शेंकडा एक म्हणजे रोज १ लक्ष ८० हजार लिटर. दहा हजार लिटरांचे अठरा टँकर! मराठवाड्यांत हा आंकडा कानाआड करण्याजोगा नव्हे. फेब्रुवारी २०१३ मध्यें दुष्काळामुळें पाणी न उरल्यानें परळीचें केंद्र बंद ठेवावें लागलें होतें.

मग फट राहूं देऊन गळती रोखावी कशी? १८८४ सालीं आपलें पहिलें वाफेचें टर्बाइन बांधणारे चार्ल्स पार्सन्स ह्यांच्या यंत्रांपासून ह्यावर एक नामी युक्ति चालत आली आहे. तिला चक्रव्यूह म्हणावें. जुन्या चौसोपी वाड्यांत दिंडीदरवाजा, देवडी, ओटी, माजघर ओलांडल्यावर देवघर लागतें. दारें सताड उघडीं असलीं तरी सोसाट्याचा वारा प्रत्येक दाराशीं अडतो, आंतल्या मोकळ्या जागेंत पसरून दम सोडतो, आणि देवघरांतील समईची ज्योत स्थिर राहते. तद्वत् येथें धातूच्या पातळ कडा एकीपुढें एक बसवितात. प्रत्येक कडेखालून वाफ वेगानें निसटते, पुढच्या खोबणींत घुसळून तो वेग गमावते, व पुढील कडेशीं पोहोंचते तेव्हां तिचा दाब पायरीनें उतरलेला असतो. पात्यांच्या टोकांवरून पट्टी फिरवून तिच्याही भोंवतीं अशाच कडा ठेवतात.

अलीकडे ह्यांत भर पडली आहे. कवचास आंतून असा लेप देतात कीं, कडा लागलीच तर लेप झिजावा, कडा वांचावी. कोठें बारीक तारांचा दाट कुंचा बसवितात. तिसरी युक्ति आम्हांस सर्वांत शहाणपणाची वाटते: कडा धारण करणारीं कडीं स्प्रिंगवर बसवावयाचीं, यंत्र सुरू होतांना तीं कण्यापासून दूर राहतात आणि भार चढला कीं वाफेच्याच दाबानें जवळ येतात. कारण कडांचा खरा घात होतो तो सुरुवातीच्या घाईंत. कणा पुरता तापण्यापूर्वीं वेग चढविला तर कडा घासून बोथट होतात, आणि एकदां बोथट झाल्या कीं पुढच्या मोठ्या दुरुस्तीपर्यंत तशाच राहतात. यंत्र बंद केल्यावरही कणा एकदम थांबवीत नाहींत. लहान मोटरीनें तो तासन्‌तास मंदगतीनें फिरता ठेवतात, नाहीं तर वरची बाजू ऊन व खालची थंड होऊन त्यास बांक येतो. चालकाच्या अंगीं धीर नसेल तर कुंचे आणि लेप काय करणार?

मोठ्या दुरुस्तीच्या वेळीं कवच उघडून पातळ पट्ट्यांनीं फट मोजतात व झिजलेल्या कडा बदलतात. कडांच्या किंमतीपेक्षां संच बंद राहतो ते दिवस महाग पडतात, आणि म्हणूनच हें काम पुढच्या वर्षावर ढकलण्याचा मोह होतो. ढकललें कीं वर मांडलेला कोळसा आणि ते अठरा टँकर रोजच्या रोज खर्ची पडत राहतात.