तरणतलावाचे ऊन

घरच्या तरणतलावासाठी सौर तापक घेणारा ग्राहक पुष्कळदा स्नानगृहातील संचाचाच हिशेब मनाशी धरतो आणि काचेचे, तांब्याच्या नळ्यांचे महाग संग्राहक मागवतो. वस्तुतः पोहण्यास २६ ते २८ अंश सेल्सिअसचे पाणी पुरते. त्यासाठी बिनकाचेचे, पॉलिप्रॉपिलिनचे साधे संग्राहक उत्तम. शिवाय तलावाच्या पाण्यातील रसायनांचे प्रमाण बिघडले, की तांबे झिजते. संग्राहकांचे क्षेत्रफळ मात्र तलावाच्या निम्म्याहून कमी नसावे. स्वस्त दरपत्रकातील काटछाट येथेच तपासावी.

उघड्या तलावाची सुमारे ७० टक्के उष्णता बाष्पीभवनाने जाते. रात्री आच्छादन न घालता तापकासाठी कर्ज काढणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे होय! दरपत्रकात आच्छादन नसल्यास तो खर्च आधी करावा. तापक पुढील हिवाळ्यात घेतला तरी चालेल.