पेशीचा जमाखर्च

व्यवहार कुणाकडून शिकावा असे कुणी विचारले, तर मी आपल्याच आतड्यात बिऱ्हाड करून राहणाऱ्या ई. कोलाय या जंतूचे नाव सांगेन. मराठीच्या मास्तराने जंतूंच्या भानगडीत का पडावे, असे वाचक म्हणतील. पण विषय जमाखर्चाचा आहे, आणि तो पगारदाराइतका कुणाला कळणार?

या जंतूची पुंजी मोजकी. त्यातून अन्न पचविणारी प्रथिने घडवायची आणि प्रथिने घडविणारे कारखाने, म्हणजे रायबोसोमही उभारायचे. एकीकडे वाढविले की दुसरीकडे तोटा. १९४० च्या सुमारास पॅरिसमध्ये झाक मोनो यांनी जंतूंपुढे दोन साखरा ठेवल्या. त्यांनी आधी ग्लूकोज फस्त केले, मग ते थबकले. दुसरी साखर पचविण्याची सामग्री तयार झाली, तेव्हा पुन्हा वाढू लागले.

या थबकण्याचे गणित मांडणाऱ्यांत डी. रामकृष्ण हे एक. माटुंग्याच्या यूडीसीटीतून ते १९६० साली पदवीधर झाले आणि पुढे अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९८४ ते १९८६ च्या दरम्यान त्यांनी व सहकाऱ्यांनी असे धरले, की पेशी आपली पुंजी लाभ पाहून वाटते. मग एकेका साखरेवरच्या वाढीचे आकडे घेऊन, मिश्रणात काय घडेल हे समीकरणांनी आधीच सांगता येऊ लागले!

२०२० साली ‘नेचर’मध्ये आणखी एक हिशेब आला. साखरेवर जंतू जितके झपाट्याने वाढलेले, तितके साखर संपून ॲसेटेटवर यायची पाळी आली की अधिक काळ अडून बसतात. सगळी पुंजी आजच्या घासावर लावल्याचे हे फळ.

आमच्या मुरुमात हा हिशेब मला घरोघर दिसतो. पाऊस हुकला की कात्री पहिली चालते ती मुलीच्या शिक्षणावर. “सर, यंदा बोअर घेतो, पोरीचं पुढच्या साली बघू,” असे बाप सांगतो. त्याचा हिशेब खोटा नसतो. पीक आज वाळत असते. पण पुढचे साल येते, आणि वर्गातला तो बाक रिकामाच राहतो.

जंतूला उद्याचे दिसत नाही, बापाला दिसते. शिकलेली लेक म्हणजे अजून ताटात न आलेले अन्न पचविण्याची घराची ताकद. यंदा पाडव्याला नवी वही घालाल, तेव्हा बोअरच्या आधी तिचा खर्च मांडा.