गिअरचा दिवा कुणासाठी?

जुन्या जीपवर प्रेम करणाऱ्यांचं एक लाडकं वाक्य आहे. आमच्या बार्शीटाकळीत ते असं ऐकू येतं : "ज्याचा हात बसला, त्याले दिव्याचं काय काम?" मिस्त्री हे बोलतो, ड्रायव्हर मान डोलावतो, मालक हसतो. मग ट्रान्स्फर केसवरच्या स्विचची तुटलेली वायर टेप गुंडाळून वर बांधली जाते आणि डॅशबोर्डवरचा फोर-व्हीलचा दिवा कायमचा विझतो. मला या वाक्याशी भांडायचं आहे. ऐकताना ते कौशल्याचं कौतुक वाटतं, पण त्याचं खरं काम इतरांना गाडीपासून लांब ठेवणं हे आहे.

मुळात ही गाडी कुणासाठी बनली ते आठवून पाहा. दुसऱ्या महायुद्धात विलिस आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. त्या चालवणारी पोरं कुठून कुठून भरती होऊन आलेली होती. आज एक चालवणार, तो जखमी झाला तर उद्या दुसरा. म्हणून त्या जीपच्या डॅशबोर्डवर धातूच्या पाट्या ठोकलेल्या असत : गिअर कुठे पडतो, पुढचा ॲक्सल कसा जोडायचा, कोणत्या गिअरमध्ये किती वेगाच्या पुढे जायचं नाही. सैन्याने "हात बसेल" यावर भरवसा ठेवला नाही. चाकामागे येणारा माणूस अनोळखी असणार, हे गृहीत धरून गाडी बनवली.

आणि पाटी लागणारच, अशी ती गाडी होती. तीन गिअरच्या विलिसमध्ये दांडा डावीकडे वर नेला की रिव्हर्स पडतो. पहिला गिअर डावीकडे खाली. आपल्या नेहमीच्या चार-पाच गिअरच्या गाडीत डावीकडे वर पहिला असतो. म्हणजे आयुष्यभर मारुती चालवलेला माणूस जुन्या जीपमध्ये बसला, सवयीने दांडा वर ढकलला आणि क्लच सोडला, तर गाडी मागे जाईल. त्यात त्या माणसाचा काय दोष? त्याचा हातही बसलेलाच आहे, फक्त दुसऱ्या गाडीवर.

हीच जीप महिंद्रांनी स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत जुळवायला सुरुवात केली. तिच्या पुढच्या पिढ्या सरकारी खात्यांत राबल्या, लिलावात निघाल्या, शेतकऱ्याच्या दारात आल्या, काळीपिवळी होऊन माणसं कोंबून धावल्या. या प्रवासात पाटी कुठेतरी गळून पडली. मुठीवर कोरलेली गिअरची खूण घासून गेली, आणि तिच्या जागी आत फूल असलेली काचेची मूठ आली. दिसायला सुंदर, पण सांगत काहीच नाही.

आता फोर-व्हीलच्या दिव्याचं बघू. जुन्या जीपमध्ये फोर-व्हील जोडलं की पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांना घट्ट बांधले जातात. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. आपल्या काळ्या मातीत, पावसाळ्यातल्या पांदणीत हा फरक चिखलात घसरून निघून जातो. पण तीच गाडी महानच्या बाजूने डांबरी रस्त्याला लागली आणि फ्रंट काढायचा राहिला, तर चाकांना घसरायला जागा नसते. सगळा ताण शाफ्टवर, गिअरवर, टायरवर साचतो. वळणावर स्टिअरिंग जड लागतं. दिवा चालू असता तर क्षणात कळलं असतं. दिवा नाही, म्हणून स्टिअरिंगच्या जडपणावरून ओळखायचं, आणि ओळखता आलं नाही तर किंगपिनला ग्रीस मारून पाहायचं. जो निरोप बल्बने द्यायचा, तो आपण घासणाऱ्या टायरकडून घेतो.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला हळव्या लोकांचा : "जुन्या गाडीत गंमत होती. पायाखाली स्टार्टर, पायाखालीच डिप्पर, चाकाच्या मधोमध हॉर्न, बाकी काही नाही. दिवे आणि स्क्रीन आले आणि मजा गेली." गंमत होती, कबूल. पण त्याच गाडीत हॉर्नच्या मागे एक सलग पोलादी दांडा होता, तो थेट पुढच्या स्टिअरिंग बॉक्सपर्यंत जायचा. समोरून धडक बसली की तो दांडा मागे, माणसाच्या छातीच्या दिशेने यायचा. राल्फ नेडर यांनी १९६५ मध्ये 'अनसेफ ॲट एनी स्पीड' लिहिलं, तेव्हा त्यात या दांड्याचीही चर्चा होती आणि ऑटोमॅटिक गाड्यांमध्ये प्रत्येक कंपनीने गिअरचा क्रम आपापल्या मर्जीने ठेवण्याचीही. १९६८ पासून अमेरिकेत दोन्हींवर नियम आले : धडकेत स्टिअरिंगचा कॉलम माणसावर यायला नको, आणि ऑटोमॅटिकमध्ये रिव्हर्स व पुढचे गिअर यांच्या मध्ये न्यूट्रल हवाच. दांड्याची धडक आणि गिअरचा गोंधळ या एकाच रोगाच्या दोन बाजू आहेत. गाडी बनवताना माणूस चुकणारच हे धरलं नाही, की शिक्षा माणसाला होते.

दुसरा आक्षेप माझ्याच धंद्यातल्या लोकांचा. ते म्हणतात, जुनं सगळं फेका, स्क्रीन लावा, सॉफ्टवेअर सांगेल गाडी कुठल्या गिअरमध्ये आहे. मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो, म्हणून सांगतो : एवढी खात्री बाळगू नका. काही वर्षांपूर्वी जीप ग्रँड चेरोकीमध्ये असा गिअरचा दांडा आला की कोणताही गिअर निवडला तरी तो परत मधोमध येऊन उभा राहायचा. गिअर कोणता, ते फक्त उजळलेल्या अक्षरावरून कळायचं. लोक गाडी पार्कमध्ये आहे असं समजून उतरू लागले. एप्रिल २०१६ मध्ये कंपनीने अकरा लाखांच्या आसपास गाड्या परत मागवल्या. जूनमध्ये ॲन्टन येल्चिन हा २७ वर्षांचा अभिनेता त्याच्याच २०१५ सालच्या ग्रँड चेरोकीने चेंगरला जाऊन गेला. उतारावर उभी असलेली गाडी मागे घसरली होती.

तिथे दिवा होता, पण दांडा काही बोलत नव्हता. आपल्या जीपमध्ये दांडा बोलतो, पण त्याची भाषा लिहून ठेवलेली पाटी हरवली आणि दिवा विझला. दोन्हीकडे चूक एकच : यंत्र कोणत्या अवस्थेत आहे, हे त्याने स्वतः, हाताला आणि डोळ्याला, दोन्ही वाटांनी सांगितलं पाहिजे. एक वाट बंद पडली तर दुसरी उरते. प्रोग्रामरला हे पहिल्या वर्षी शिकवतात आणि नोकरीत तो ते विसरतो.

पण माझा राग यंत्रापुरता नाही. "हात बसला" या वाक्याने गाडी कुणाच्या हाती राहते ते पाहा. आमच्याकडे कित्येक घरांत दारात जीप आहे आणि लायसन असलेली सून किंवा मुलगीही आहे. तरी रात्री कुणाच्या छातीत दुखू लागलं तर पिंजरहून अकोल्याला जायला ड्रायव्हरला फोन लावतात, कारण "ही गाडी तिले नाही जमणार." का नाही जमणार? गिअर कुठे पडतो ते गाडीवर लिहिलेलं नाही, फ्रंट लागला की सुटला ते दिसत नाही, कॉलमला क्लँपने बसवलेला इंडिकेटरचा स्विच कोणत्या बाजूला ढकलायचा ते फक्त उस्तादाला ठाऊक. माहिती यंत्रावरून पुसून एका माणसाच्या मनगटात ठेवली, की तो माणूस मोठा होतो आणि बाकी सगळे त्याच्यावर अवलंबून राहतात. ऑफिसातही असा एक जण असतोच, ज्याच्याशिवाय सर्व्हर चालू होत नाही. त्याला आपण हुशार म्हणतो. खरं तर त्याने लिहून ठेवायचं काम केलेलं नसतं.

गंमत म्हणजे दिव्यांवर आपण पैसे खर्च करत नाही असं नाही. लग्नाच्या वरातीत आणि मिरवणुकीत निघणाऱ्या उघड्या जीप पाहा. बंपरवर दिव्यांची रांग, पायाजवळ निळी एलईडी पट्टी. डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला अर्धा तास लागतो, आणि निळा प्रकाश ती सवय सगळ्यात लवकर मोडतो. म्हणजे रस्ता दिसू न देणारा दिवा हजारो रुपये देऊन लावतो, आणि गाडीची स्थिती सांगणारा बल्ब 'कटकट' म्हणून काढून टाकतो.

म्हणून जुनी जीप नव्याने उभी करणाऱ्यांना माझं सांगणं आहे : रंगाआधी वायरिंग करा. ट्रान्स्फर केसवरचा स्विच धुऊन, तपासून जोडा, फोर-व्हीलचा दिवा लागतो का बघा. गिअरची पाटी कोरून घ्या, मराठीत, ठळक अक्षरांत, आणि तिच्यावर झाकण असलेला एक मंद, तांबूस बल्ब लावा. रिव्हर्स कुठे, ते लाल रंगात लिहा. इंडिकेटरच्या स्विचला डावं-उजवं रंगवा. या सगळ्याला एका काचेच्या मुठीपेक्षा फार जास्त खर्च येत नाही.

तुमचा हात बसला असेल, तर छानच. तुम्हाला पाटी बघावी लागणार नाही. पण गाडी एकट्या तुमची कधीच नसते. ज्या रात्री तुम्हीच मागच्या सीटवर आडवे पडलेले असाल, त्या रात्री पुढे जो कुणी बसेल त्याला ती पाटी वाचता आली पाहिजे.