मुक्यांच्या दुकानातला माणूस

श्रावण सरत आला, की अदिलाबादच्या बाजारात दोरखंड आणि साज विकणाऱ्या दुकानांपुढे शेतकऱ्यांची रीघ लागते. उत्तरेकडून पेनगंगा ओलांडली की तेलंगणाचा हा जिल्हा सुरू होतो, पण श्रावणी अमावास्येचा पोळा नदीच्या दोन्ही काठांवर सारख्याच उत्साहाने भरतो. तेलुगू शेतकरी या दिवसाला 'पोलाला अमावास्या' म्हणतो, मराठी शेतकरी पोळा म्हणतो. बैलाच्या गळ्यात घुंगरमाळ दोघेही सारखीच बांधतात. १९५६ च्या राज्य-पुनर्रचनेत किनवट व राजुरा हे तालुके अदिलाबाद जिल्ह्यातून निघून तेव्हाच्या मुंबई राज्यात आले आणि नांदेड जिल्ह्यातील भैंसा, मुधोळकडचा मुलूख तेलुगू बाजूस राहिला. २०१४ साली तेलंगण राज्य झाले, २०१६ साली जुन्या अदिलाबादचे चार जिल्हे झाले. सीमा अशा वारंवार हलल्या, तरी बाजारपेठेच्या व्यवहारात मराठी, तेलुगू, गोंडी आणि दखनी या भाषा एकत्र नांदत राहिल्या.

या बाजारातील बैलाविषयी आणि शेतकऱ्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. बैलाचा साज ज्याच्या हातून विकला जातो, त्या दुकानातल्या नोकराविषयी मात्र कोणी चार ओळी लिहिल्याचे आमच्या पाहण्यात नाही. म्हणूनच आज आम्ही त्याच्याविषयी लिहावयाचे ठरविले आहे.

वरवर पाहता त्याचे काम साधे आहे. वेसण, म्होरकी, कासरा, दावे, मुसके, गोंडे, झुली, शिंगांच्या पितळी शेंब्या, बेगड आणि रंग हा माल काढून दाखवायचा, भाव सांगायचा आणि बांधून द्यायचा. परंतु खरेदीला येणारा माणूस स्वतःसाठी काही घेत नसतो. ज्याच्यासाठी घेतो ते जनावर दुकानात आलेले नसते, आणि आले असते तरी त्याला बोलता आले नसते. गिऱ्हाईक हाताची वीत पसरून बैलाच्या तोंडाचे माप सांगते. नोकराने त्यावरून मुसके द्यायचे असते. ते घट्ट झाले तर जनावराला धाप लागते, सैल झाले तर ते उभ्या पिकात तोंड घालते. वेसणीची गोष्ट तर याहून नाजूक आहे. सुताची मऊ वेसण महाग पडते म्हणून गिऱ्हाईक नायलॉनच्या दोरीकडे बोट दाखविते. ती दोरी नाकपुडी कापते, जखमेत माशी बसते आणि ऐन पेरणीत बैल खुंट्याला बसून राहतो. जाणता नोकर हे सांगतो. सांगितल्यामुळे कधी विक्री हातची जाते आणि मालकाची बोलणीही खावी लागतात. न सांगावे, तर मुक्या जनावराचे हाल नजरेपुढे येतात. दहा-बारा हजारांच्या पगारात हा विवेक रोज सांभाळावयाचा, हे काही लहानसहान काम नव्हे.

अंगमेहनतीचा भाग निराळाच. अदिलाबाद हा कापसाचा जिल्हा. तेव्हा साजाबरोबर सरकी आणि पेंडही पुष्कळ दुकानांतून विकली जाते. पोती उतरवायची, रचायची आणि गिऱ्हाइकाच्या गाडीवर चढवायची ती याच नोकराने. पेंडीची धूळ आणि दोरखंडांचा भुगा यांमुळे छाती भरून येते. पोळ्याच्या आधीच्या पंधरवड्यात सकाळी उघडलेले दुकान रात्री उशिरापर्यंत बंद होत नाही. सण सरला की तेच दुकान ओस पडते आणि हंगामापुरता घेतलेला पोरगा घरी जातो. ज्या सणासाठी तो महिनाभर राबतो, त्या सणाची मिरवणूक त्याला बहुधा दुकानाच्या पायरीवरूनच पाहावी लागते.

आता हा धंदाच ओसरत चालला आहे. २०१२ च्या पशुगणनेत देशातील गोवंशातील नरांची संख्या ६ कोटी ७९ लाखांच्या घरात होती. २०१९ च्या गणनेत ती ४ कोटी ७४ लाखांवर आली. सात वर्षांत दोन कोटी जनावरे कमी झाली, ट्रॅक्टरने त्यांची जागा घेतली. बैल गेला की त्याचा साज कोण घेणार? त्यामुळे जुन्या दुकानदाराला नवा माल ठेवावाच लागतो. बेगड आणि घुंगरांशेजारी कुत्र्याचे पट्टे, साखळ्या, तयार खाद्याच्या पिशव्या आणि माशांच्या पेट्या येऊन बसतात. बैलाच्या नाकाचा अंदाज असलेल्या नोकराला आता पामेरियन कुत्र्याच्या खरजेविषयी प्रश्न विचारले जातात. उत्तर त्याच्याजवळ नसते, परंतु गिऱ्हाइकाची समजूत अशी की दुकानात आहे म्हणजे त्याला ठाऊक असणारच.

या समजुतीत मोठा धोका आहे. पशुवैद्य लांब आणि दुकान जवळ, ही आपल्या देशातील बहुतेक तालुक्यांची स्थिती. २०२२ साली लम्पी त्वचारोगाची साथ पसरली, तेव्हा अंगावर गाठी आलेल्या गुरांचे मालक आधी औषधाच्या दुकानी गेले आणि मग दवाखान्यात, हे खेडोपाडी सर्वांनी पाहिले. दुकानाच्या फळीवरून दिलेल्या एका बाटलीचा परिणाम किती दूरवर जाऊ शकतो, याचे उदाहरण अदिलाबादच्याच जंगलाशेजारी आहे. गुरांच्या अंगदुखीवर दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. देशातील गिधाडांच्या तीन जाती काही वर्षांत पंच्याण्णव टक्क्यांहून अधिक घटल्या. २००६ साली सरकारने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. तरीही माणसांसाठी बनविलेल्या मोठ्या बाटल्या गुरांसाठी विकल्या जातच राहिल्या, म्हणून २०१५ साली इंजेक्शनची बाटली तीन मिलिलिटरपुरती मर्यादित करावी लागली. जुन्या अदिलाबाद जिल्ह्यातील बेज्जूरच्या जंगलात पालारपू डोंगराच्या कड्यावर २०१३ साली लांब चोचीच्या गिधाडांची वसाहत आढळली. त्या कड्यावरचे घरटे टिकणार की नाही, हे काही अंशी खाली गावात औषधे विकणाऱ्या माणसावर अवलंबून आहे. मेलॉक्सिकॅम हे सुरक्षित औषध उपलब्ध आहे, एवढे जरी त्याला कोणी नीट शिकविले असते, तरी पुष्कळ अनर्थ टळला असता. कायदा करणारांनी कारखानदाराचा आणि डॉक्टरचा विचार केला. ज्याच्या हातून औषध प्रत्यक्ष दिले जाते, त्याला शिकविण्याचे मात्र राहूनच गेले.

हे सारे गोमंतकीय वाचकास दूरचे वाटण्याचा संभव आहे. आपल्याकडे पोळ्याची धामधूम नाही. आपण गुरांना ओवाळतो ते दिवाळीच्या पाडव्याला. परंतु पणजी, मडगाव, म्हापसा, फोंडा येथील पाळीव प्राण्यांच्या सामानाच्या दुकानांत जो तरुण किंवा तरुणी उभी असते, तिची कथा अदिलाबादच्या नोकराहून फारशी वेगळी नाही. तेथेही खाद्याची जड पोती उचलावयाची आहेत. तेथेही पिंजऱ्यांची घाण काढताना पक्ष्यांच्या विष्ठेची धूळ श्वासात जाते आणि त्यातून पोपटज्वरासारखा आजार होऊ शकतो. मांजराचे ओरखडे, कुत्र्याचे दात आणि त्वचेवरील नायटा ही या नोकरीबरोबर येणारी दुखणी. रविवार असो, चतुर्थी असो, पेटीतल्या माशांना आणि पिंजऱ्यातल्या सशाला सुट्टी ठाऊक नसते. त्यांच्या खाण्यापाण्यासाठी कोणीतरी कुलूप उघडून आत जावेच लागते. आणि म्हाताऱ्या कुत्र्यासाठी वर्षानुवर्षे खाद्य नेणारे गिऱ्हाईक एके दिवशी रिकाम्या हाताने येऊन पट्टा परत घेता का म्हणून विचारते, तेव्हा त्याचे दुःख ऐकून घेणे हेही या नोकराच्याच वाट्याला येते. त्याचा पगारात कोठेही हिशेब नाही.

कायद्याची स्थिती पाहिली म्हणजे एक विसंगती ठळकपणे दिसते. प्राणी विकणाऱ्या दुकानांसाठी केंद्र सरकारने २०१८ साली नियम केले. राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी केल्यावाचून असे दुकान चालविता येत नाही, प्राण्यांना पुरेशी जागा, स्वच्छता, हवा आणि पाणी मिळाले पाहिजे, आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकता कामा नये, असे त्या नियमांचे स्वरूप आहे. हे नियम योग्यच आहेत. त्यांची अंमलबजावणी अधिक कसोशीने व्हावी असेच आम्ही म्हणू. देशी पोपट आणि मुनिया यांची विक्री तर वन्यजीव संरक्षण कायद्यानेच बंद आहे, आणि तरी चोरटी मागणी येते तेव्हा मालकाची आज्ञा आणि कायद्याची भीती यांच्या कात्रीत सापडतो तो नोकरच. पिंजऱ्याची लांबी-रुंदी कायद्याने ठरविली. पण त्याच दुकानात दहा तास उभ्या राहणाऱ्या माणसाला बसावयाला स्टूल असावे की नाही, याविषयी बहुतेक राज्यांचे कायदे अजून मौनच पाळून आहेत.

बसण्याचा हा हक्क क्षुल्लक नव्हे. कोझिकोडच्या कापड दुकानांतील स्त्रियांनी त्यासाठी वर्षानुवर्षे झगडा दिला, तेव्हा केरळने २०१८ साली दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती केली. तामिळनाडूने २०२१ साली तोच मार्ग धरला. आपला दुकाने व आस्थापने कायदा १९७३ चा आहे. त्यात अशी स्पष्ट तरतूद करण्यास गोवा विधानसभेला अडचण कोणती? नोव्हेंबर २०२५ पासून देशात नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि किमान वेतनाचा हक्क सर्व कामगारांना मिळाला, हे चांगलेच झाले. परंतु सुरक्षा व आरोग्यविषयक संहिता सामान्यतः दहा अथवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरती आहे. दोन-तीन नोकरांचे दुकान तिच्या कक्षेबाहेरच राहते, आणि आपण ज्यांच्याविषयी बोलत आहोत ती दुकाने बहुतेक याच मापाची आहेत.

यावर दुकानदार म्हणतील, की आमचा नफाच किती? मोठ्या कंपन्या घरपोच माल देऊ लागल्यापासून गल्ल्यावर बसून माश्या मारण्याची वेळ आली आहे. ही तक्रार खोटी नाही. परंतु ज्या गोष्टीसाठी गिऱ्हाईक अजून दुकानाची पायरी चढते, ती गोष्ट म्हणजे समोरच्या माणसाचा सल्ला. खोक्यातून घरी येणारा माल वेसण कोणती घ्यावी ते सांगत नाही. तेव्हा नोकराचे ज्ञान वाढविणे आणि त्याला टिकवून धरणे हेच लहान दुकानदाराच्या हिताचे आहे. आठ-आठ महिन्यांनी माणूस बदलणाऱ्या दुकानावर कोणाचा विश्वास बसणार?

आमच्या सूचना मोजक्या आहेत. पशुसंवर्धन खात्याने अशा दुकानांतील नोकरांसाठी चार-आठ दिवसांचा एक साधा वर्ग दर वर्षी घ्यावा. कोणते दुखणे दिसताच गिऱ्हाइकाला थेट पशुवैद्याकडे धाडावे, कोणती औषधे चिठ्ठीवाचून द्यावयाची नाहीत, कोणती मुळीच ठेवावयाची नाहीत, एवढे त्यात शिकविले तरी पुरे. गोव्यात कुत्र्यांच्या लसीकरणाची मोहीम २०१४ पासून चिकाटीने चालली आणि २०२१ साली राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. हे यश टिकवावयाचे, तर पट्टा विकताना "लस टोचली का?" असे विचारणारा माणूस दुकानात हवा. त्याला स्वतःलाही प्रतिबंधक लस टोचलेली असावी आणि तिचा खर्च मालकाने उचलावा. आठवड्याची भरपगारी सुट्टी, बसावयाला जागा, पिंजरे साफ करताना हातमोजे आणि तोंडावर पट्टी, या गोष्टींसाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचेही कारण नाही.

आणि गिऱ्हाईक म्हणून आपल्याकडेही काही कर्तव्य येते. स्वस्त वेसणीचा हट्ट धरणारे, चिठ्ठीवाचून औषध मागणारे, नकार मिळताच नोकरावर डाफरणारे आपणच असतो. जनावर आपले, ते पाळण्याचा आनंदही आपला, मग त्याच्या दुखण्याची जोखीम गल्ल्यामागे उभ्या असलेल्या माणसावर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. पोळ्याला आपण बैलाच्या खांदेमळणीसाठी तूप-हळद काढतो, पाडव्याला गाईला ओवाळतो, ते मुक्यांच्या श्रमाचे ऋण मानूनच. त्या मुक्यांची गरज आपल्या वतीने ओळखणाऱ्या माणसाला रास्त पगार, आठवड्याची सुट्टी आणि बसावयाला एक स्टूल मिळावे, ही मागणी फार मोठी नाही. येत्या अधिवेशनात निदान एखाद्या आमदाराने ती सभागृहात मांडावी.