ओटीपी मुंबईला जातो

श्रीवर्धनकडे माझी एक मावशी राहते. वय ७४. सगळं आयुष्य सुपारीच्या वाडीत गेलं. सत्तरीपुढच्यांसाठीचं ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड काढायला ती केंद्रावर गेली आणि यंत्रावर अंगठा ठेवला. यंत्राला तो पटेना. मग तर्जनी, मग मधलं बोट, तीही पटेनात. “असोली सुपारी सोलून सोलून रेघा झिजल्या रे,” ती मला नंतर म्हणाली. तिथल्या मुलानं मग ओटीपी मागवला. पण आधारला जोडलेला नंबर माझ्या मावसभावाचा, आणि तो त्या वेळी विरार लोकलच्या गर्दीत. त्यानं फोन उचलेपर्यंत ओटीपीची मुदत संपली होती. चेहऱ्यावरूनही ओळख पटवता येते, हे मावशीला कुणी सांगितलंच नाही. रिक्षाचं भाडं भरून ती हात हलवत परत आली.

रायगडच्या किनाऱ्यावरून मुंबईला मासळी गेली, नारळ-सुपारी गेली, अलिबागचा पांढरा कांदा गेला, आणि घरटी एक तरी पोरगा गेला. आता म्हाताऱ्यांचा ओटीपीही तिकडेच जातो. गंमत म्हणजे ‘ओटीपी कुणालाही सांगू नका’ असं याच म्हाताऱ्यांना उठता-बसता बजावलं जातं, आणि खिडकीवर गेलं की आवाज येतो, “आजी, ओटीपी सांगा!”

योजना वाईट आहे असं मी म्हणत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या या कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय आहे आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. पेन्शनीवर किंवा मुलाच्या पैशांवर चालणाऱ्या घराला हा मोठाच आधार. माझा आक्षेप आहे तो ‘ज्येष्ठांना तंत्रज्ञान जमत नाही’ या पालुपदाला. मुंबईची मनीऑर्डर यायची तेव्हा तिच्यावरच्या दोन ओळी पोस्टमन वाचून दाखवायचा, अंगठा घ्यायचा, पैसे मोजून हातावर ठेवायचा. आजीला टपालखातं जमत नाही, असं तेव्हा कुणी म्हटलं नाही. पोस्टमन हा त्या सेवेचाच भाग होता.

आरोग्यसेवेतही हे शहाणपण आपल्याकडे आहे. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पहिल्यांदा ८ जिल्ह्यांत आली, त्यात रायगड होता. आज ती महात्मा फुले यांच्या नावानं चालते. तिच्या रुग्णालयांत ‘आरोग्यमित्र’ बसतो. कागद कुठला, सही कुठं, हे तो बघतो. डॉक्टरांचा सल्ला पडद्यावरून देणाऱ्या सरकारी ‘ई-संजीवनी’चंही तेच. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तिच्यावरून १० कोटी सल्ले दिले गेले, आणि त्यातले बहुतेक घरच्या फोनवरून नव्हे, आरोग्य केंद्रांतून. तिथं समुदाय आरोग्य अधिकारी आधी रक्तदाब मोजते, पडद्यावरच्या डॉक्टरांना तक्रार समजावते आणि त्यांचं बोलणं आजीच्या कानाशी मोठ्यानं परत सांगते.

मग घरातला मुलगा-नातू आहेच की, असं कुणी म्हणेल. तो आहे, पण घाईत आहे. शिवाय लघवीचा त्रास किंवा अंगावरून जाणं मुलाच्या फोनवर, सुनेच्या देखत कसं सांगायचं? तिथं बाई “बरी आहे मी” म्हणते आणि दुखणं अंगावर काढते. म्हणून मधलं माणूस हवं ते कर्तव्य म्हणून बसलेलं, ऐकलेलं पोटात ठेवणारं. आशाताईंवर हे आणखी एक काम फुकट लादूनही चालणार नाही. त्याचा मोबदला द्यावा लागेल.

मागणी साधी आहे. प्रत्येक उपकेंद्रात आठवड्याचा एक दिवस ज्येष्ठांसाठी ठरलेला असावा. बोट उठलं नाही तर चेहरा, हे सांगायची जबाबदारी खिडकीच्या आतल्या माणसाची असावी. आणि प्रत्येक सल्ल्याचा, प्रत्येक कार्डाचा छापील कागद हातात मिळावा. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ वादळ याच किनाऱ्यावर आदळलं. त्यानंतर कित्येक दिवस गावोगाव वीज नव्हती, फोनला रेंज नव्हती. त्या दिवसांत मोबाइलमधला रिपोर्ट काय कामाचा? पिशवीतली डॉक्टरांची चिठ्ठी तेवढी खरी.

मावशीचं कार्ड शेवटी झालं. गणपतीत मावसभाव घरी आला, फोन त्याच्या खिशात होता, आरतीच्या आधी काम उरकलं. म्हणजे यंत्रणा चालते. फक्त बाप्पा यावे लागतात. दुखणं मात्र भाद्रपदापर्यंत थांबत नाही.

परवा गेलो तेव्हा तिनं तांदळाच्या डब्यातून प्लास्टिकची पिशवी काढून दाखवली. आत कार्ड आणि त्याच्या दोन झेरॉक्स. “दोन कशाला?” मी विचारलं.

“एक वादळाला,” ती म्हणाली, “आणि एक तुम्ही फोन उचलत नाही त्याला.”