ढेकणांचा पुन्हा मुक्काम

जवाहरनगरसारख्या आयुध निर्माणीच्या वसाहतीत बदलीचे सामान सतत येत-जात असते. लोखंडी पलंग, गाद्या, ट्रंका. ढेकणाला याहून सोयीची सवारी नाही. तो उडत नाही, उडीही मारत नाही. सामानातूनच घरोघर पोचतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीने त्याला अनेक देशांतून जवळजवळ हटवले. पण 1947 मध्येच हवाईत डीडीटीला न जुमानणारे ढेकूण सापडले होते. त्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष झाले, हे मला अक्षम्य वाटते. विसाव्या शतकाच्या अखेरीस ते श्रीमंत देशांतही परतले. 2023 मध्ये पॅरिस हैराण झाले. आज नेहमीच्या पायरेथ्रॉइड फवाऱ्यांनाही अनेक ढेकूण दाद देत नाहीत.

पलंग उलटा करून सांधे बघा. शाईच्या ठिपक्यांसारखी काळी विष्ठा, कात आणि फटीला चिकटलेली पांढुरकी अंडी दिसतील. मोठा ढेकूण रक्ताविना कित्येक महिने तग धरतो, त्यामुळे खोली बंद ठेवून भागत नाही. उष्णता मात्र त्याला सोसत नाही. 50 अंशांवर अंडीसुद्धा मरतात. आपल्या आज्या खाटेच्या सांध्यांत उकळते पाणी ओतत, ते शास्त्राला धरूनच होते. नुसती उन्हात टाकलेली जाड गादी मात्र आतून तेवढी तापत नाही.

ढेकूण म्हणजे अस्वच्छता, हा समज खोटा आहे. लाजेने लपवू नका. शेजाऱ्यांना सांगा आणि लागून असलेली सगळी क्वार्टर्स एकाच वेळी तपासा.