सातबाऱ्यावर नाव नसलेल्यांचे काय? पालघरमधून बुलेट ट्रेनकडे पाहताना

बुलेट ट्रेनची चर्चा आपल्या तरुणांच्या ग्रुपवर दोनच प्रकारे होते. एक तर कुणी जपानच्या गाडीचा व्हिडिओ टाकतो आणि खाली अंगठे पडतात. नाही तर कुणी लिहितो, "लोकलला लटकून माणसं मरतायत आणि यांना बुलेट ट्रेन पाहिजे." दुसरे म्हणणे आम्हाला जवळचे वाटते, हे कबूल करतो. पण दोन्ही बोलणाऱ्यांनी ती जमीन पाहिलेली नसते. गाडी ज्यांच्या शेतावरून जाणार आहे त्यांचे नाव दोन्हीकडे येत नाही.

आम्ही काही मित्र-मैत्रिणी वनहक्काचे दावे, जातीचे दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज अशा कामांसाठी पालघर जिल्ह्यात जात असतो. बुलेट ट्रेनवर काम करायला म्हणून आम्ही कधी गेलो नाही. दाखल्याचे कागद पाहता पाहता मोजणीच्या नोटिसा, संमतीपत्रे आणि खरेदीखते पुढे येऊ लागली, म्हणून हा विषय वाचावा लागला. जे समजले ते इथे मांडतो.

आधी प्रकल्पाची मापे. मुंबई ते अहमदाबाद मार्ग ५०८ किलोमीटरचा, त्यातले सुमारे १५६ किलोमीटर महाराष्ट्रात. वेग ताशी ३२० किलोमीटर. स्थानके १२, त्यातली महाराष्ट्रात चार: वांद्रे-कुर्ला संकुल, ठाणे, विरार, बोईसर. १४ सप्टेंबर २०१७ रोजी अहमदाबादला नरेंद्र मोदी आणि शिंझो आबे यांनी पायाभरणी केली, तेव्हा खर्च सुमारे १ लाख ८ हजार कोटी सांगितला होता. त्यातला ८१ टक्के भाग जपानच्या 'जायका' संस्थेचे कर्ज, ०.१ टक्का व्याजाने, ५० वर्षांत फेडायचे. वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा हा २१ किलोमीटरचा बोगदा, त्यातले ७ किलोमीटर ठाणे खाडीखालून. शिळफाट्यापासून गुजरातच्या हद्दीवरच्या झरोलीपर्यंत १३५ किलोमीटर मात्र जमिनीवर, बहुतेक खांबांवर आणि काही ठिकाणी डोंगर फोडून. हा जो १३५ किलोमीटरचा तुकडा आहे, त्यातच वसई, पालघर, डहाणू, तलासरीची गावे येतात.

डहाणू आणि तलासरी हे तालुके पूर्ण अनुसूचित क्षेत्रात आहेत, पालघर आणि वसईचा काही भागही. म्हणजे इथे संविधानाची पाचवी अनुसूची लागू, १९९६ चा पेसा कायदा लागू, महाराष्ट्राचे २०१४ चे पेसा नियम लागू. वारली, मल्हार कोळी, कोकणा, धोडिया, दुबळा, कातकरी अशी वस्ती. गावाच्या कडेला कुठे आपल्याही समाजाची दहा-पंधरा घरे.

पुस्तकी माणसाला वाटेल की एवढे संरक्षण असताना इथे जमीन घेणे अवघड असेल. २०१३ च्या भूसंपादन कायद्याचे कलम ४१ स्पष्ट आहे: अनुसूचित क्षेत्रात जमीन संपादन करायची तर ग्रामसभेची किंवा संबंधित पंचायतीची पूर्वसंमती लागते. पेसामध्ये फक्त 'विचारविनिमय' आहे, इथे थेट संमती आहे. २०१७-१८ मध्ये पालघरमधल्या कित्येक ग्रामसभांनी प्रकल्पाविरुद्ध ठरावही केले. भूमी सेना, आदिवासी एकता परिषद, कष्टकरी संघटना यांसारख्या इथल्या जुन्या संघटना मैदानात होत्या, मोजणी करणाऱ्या पथकांना गावकऱ्यांनी परत पाठवले. मूळ वेळापत्रकाप्रमाणे २०२३ पर्यंत गाडी धावायची होती. तसे झाले नाही याचे एक मोठे कारण पालघरची ही गावे होती.

मग जमीन गेली कशी? कारण जानेवारी २०२४ मध्ये रेल्वेमंत्र्यांनी जाहीर केले की संपूर्ण मार्गाची, सुमारे १३९० हेक्टर, जमीन ताब्यात आली.

याचे उत्तर एका शब्दात आहे: थेट खरेदी. कायद्याने 'संपादन' करायचे तर ग्रामसभा मध्ये येते, सामाजिक परिणामांचा प्रश्न येतो, पुनर्वसनाचा निवाडा द्यावा लागतो. वाटाघाटीने 'खरेदी' केली तर टेबलाच्या एका बाजूला प्रकल्पाचा अधिकारी आणि दुसऱ्या बाजूला एकटा खातेदार. गाव गायब. ग्रामीण भागात बाजारभावाला दोनचा गुणक, त्यावर तेवढीच दिलासा रक्कम, म्हणजे चौपट. संमतीने दिली तर आणखी २५ टक्के, म्हणजे पाचपट. जो नाही म्हणेल त्याची सक्तीने जाईल आणि त्याला चौपटच मिळेल. सगळ्या गावाने मिळून केलेला ठराव असा एकेका घरात जाऊन सुटा करण्यात आला. आम्ही ज्या घरांमध्ये बसलो तिथे कुणी बंदूक दाखवली नव्हती. "सगळ्यांनी सह्या केल्या, तुम्हीच राहिलात" एवढे वाक्य पुरले होते. आणि शेजारच्या घरातही तेच वाक्य बोलले गेले होते.

सामाजिक परिणाम मूल्यांकन हे २०१३ च्या कायद्याचे हृदय होते. प्रकल्पाने कोण उजाड होईल, कुणाचे पाणी तुटेल, मजुरी कुणाची बुडेल, हे आधी मोजा आणि मगच पुढे जा. गुजरातने २०१६ मध्ये आणि महाराष्ट्राने २०१८ मध्ये दुरुस्ती करून पायाभूत प्रकल्पांना त्यातून सूट देण्याचा अधिकार आपल्याकडे घेतला. गुजरातचे शेतकरी उच्च न्यायालयात गेले, एक हजारांवर प्रतिज्ञापत्रे दाखल झाली. सप्टेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने याचिका फेटाळल्या. तेव्हा कायदा मोडला असे म्हणता येत नाही. कायद्यालाच दार करून दिले गेले आणि त्या दारातून प्रकल्प गेला.

आता पाचपट या शब्दाकडे पाहू, कारण शहरातले आपले मित्र इथेच अडतात. "पाचपट मिळाले ना, मग तक्रार कसली?" पाचपट कशाच्या? बाजारभाव ठरतो आजूबाजूच्या नोंदणीकृत व्यवहारांवरून आणि रेडी रेकनरवरून. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकण्यावर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे निर्बंध आहेत, आणि ते असायलाच हवेत. पण त्यामुळे अशा गावात व्यवहारच थोडे होतात आणि कागदावरचा भाव खाली राहतो. २०१३ च्या कायद्याच्या कलम २६ ला हे ठाऊक आहे. जिथे व्यवहारांवर बंधन आहे तिथे शेजारच्या भागाच्या भावावरून किमान दर ठरवा, असे त्यात लिहिले आहे. आम्ही ज्या खातेदारांना विचारले त्यांपैकी एकालाही ही तरतूद कुणी सांगितली नव्हती.

त्याहून महत्त्वाची तरतूद दुसऱ्या अनुसूचीत आहे. हे आपल्या तरुणांनी नीट वाचावे, कारण ते आपल्यालाही लागू आहे. कोणत्याही प्रकल्पात जमीन गमावणारा माणूस अनुसूचित जातीचा किंवा जमातीचा असेल, तर त्याला गेली तेवढी किंवा अडीच एकर, यातली जी कमी असेल तेवढी जमीन द्यावी, असे ती म्हणते. जमिनीला जमीन. बौद्धांना १९९० पासून केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत स्थान आहे, त्यामुळे हा हक्क आपला जातीचा दाखला असलेल्या शेतकऱ्याचाही आहे. पण हा हक्क पुनर्वसनाच्या निवाड्यातून येतो. खरेदीखतात निवाडा नसतो, रक्कम असते.

रक्कम हातात आल्यावर काय होते, यावर आम्ही उपदेश करणार नाही. मोटारसायकल घेतली, घराला स्लॅब टाकला, मुलीचे लग्न केले, थोडे फसवणुकीत गेले. शहरातला मध्यमवर्गीय बोनसचे दुसरे काय करतो? फरक एवढाच की त्याची नोकरी शिल्लक असते. एका घरात मोबदला आला तेव्हा सातबाऱ्यावर दोन भावांची नावे होती, बहिणींची वारसनोंद कधी झालीच नव्हती. धाकटी बहीण आम्हाला म्हणाली, "ताई, जमीन होती तोवर भात तरी येत होता भावाकडून. आता भाऊ फोन उचलत नाही." त्या पैशातून जवळपास जमीन घ्यावी म्हटले तर ती परवडत नाही, कारण प्रकल्पामुळेच बोईसर-विरार पट्ट्यात भाव चढले.

हे झाले ज्यांचे नाव कागदावर आहे त्यांचे. ज्यांचे नाव नाही त्यांची यादी मोठी आहे. दुसऱ्याच्या शेतावर अर्धेलीने भात लावणारा. आंब्या-चिकूच्या वाडीत वर्षानुवर्षे मजुरी करणारी बाई. गवत कापून विकणारे. गावठाणाबाहेर तीस वर्षे झोपडी असलेले कातकरी कुटुंब. वनजमीन कसणारे, ज्यांचा २००६ च्या कायद्याखालचा दावा अजून कुठल्या तरी कार्यालयात आहे किंवा अर्ध्याच क्षेत्रासाठी मंजूर झालाय. भूसंपादन कायद्याची 'बाधित कुटुंबा'ची व्याख्या उदार आहे. तीन वर्षे त्या जमिनीवर उपजीविका करणारा शेतमजूर, कूळ, कारागीर, सगळे तिच्यात बसतात. 'जायका'च्या मार्गदर्शक तत्त्वांतही मालकी नसलेल्यांचा विचार करायला सांगितले आहे, म्हणून प्रकल्पाच्या पुनर्वसन आराखड्यात त्यांच्यासाठी रकाने आहेत. पण रकाना भरायला पुरावा लागतो. अर्धेलीचा करार तोंडी असतो. मालक लिहून देत नाही, कारण लिहून दिले तर कूळकायदा लागेल ही भीती त्याला आजोबांपासून आहे.

वनजमिनीबाबत आणखी एक मेख आहे. पर्यावरण मंत्रालयाने फेब्रुवारी २०१३ मध्ये रस्ते, कालवे, वाहिन्या अशा रेषीय प्रकल्पांना वनजमीन वळवताना ग्रामसभेच्या संमतीतून सूट दिली. अपवाद ठेवला तो विशेष असुरक्षित आदिम जमातींच्या मान्य हक्कांचा. महाराष्ट्रात अशा जमाती तीन: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. म्हणजे पालघरच्या कातकऱ्याचा हक्क आधी मान्य झालेला असता, तर त्याची संमती लागली असती. हक्क मान्य न करणे यात कुणाची सोय आहे, हे सांगायला नको.

बाबासाहेबांचे नाव घेऊन या प्रकल्पाला सरसकट विरोध करणे आम्हाला पटत नाही. ते १९४२ ते ४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, दामोदर खोऱ्याची योजना त्यांच्याच खात्याकडे होती. धरणे, वीज, मोठी यंत्रे यांची त्यांना भीती नव्हती. पण त्याच बाबासाहेबांनी १९३७ मध्ये खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिलवर नेला. दादासाहेब गायकवाडांचे १९५९ आणि १९६४-६५ चे भूमिहीनांचे सत्याग्रह आपल्याला पाठ आहेत. गायरानाचा तुकडा मिळावा म्हणून आपले आजोबा तुरुंगात गेले. तेव्हा यंत्र हवे की नको यापेक्षा जमीन कुणाची आणि हिशेब कोण करतो, हा आपल्या परंपरेतला प्रश्न आहे.

पालघरला हा हिशेब पहिल्यांदा द्यावा लागत नाहीये. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. सूर्या प्रकल्पाची धरणे इथल्या शेतीसाठी म्हणून बांधली, पाणी वसई-विरार आणि मीरा-भाईंदरला निघाले. मालगाडीचा स्वतंत्र मार्ग, मुंबई-वडोदरा द्रुतगती महामार्ग, विरार-डहाणू चौपदरीकरण हे सगळे याच चिंचोळ्या पट्ट्यातून गेले. एकेका प्रकल्पाचा पट्टा अरुंद दिसतो. बुलेट ट्रेनचा तर अवघा साडेसतरा मीटर. पण एकाच शेतकऱ्याची जमीन दोनदा-तीनदा कापली गेली की मधला तुकडा नांगराला वळायलाही पुरत नाही. त्या तुकड्याचे मूल्य कुठल्याच एका प्रकल्पाच्या फाईलमध्ये येत नाही.

बांधकामाचा त्रास वेगळाच. सुरुंगाने भिंतीला तडे गेले तर तडा आधीचा की नंतरचा हे सिद्ध करायला घराचा जुना फोटो लागतो. कुडाच्या घराचा फोटो कोण काढून ठेवतो? डंपरच्या रस्त्यासाठी नाल्यात भराव पडला की पावसात पाणी खाचरात उलटते. आणि गाडी सुरू झाल्यावर आवाज आहेच. जपानमध्ये १९६४ ला शिंकान्सेन सुरू झाली आणि दहा वर्षांत नागोयाचे रहिवासी आवाज-कंपनांविरुद्ध कोर्टात गेले. १९७५ ला तिथे निवासी भागासाठी ७० डेसिबलची मर्यादा आली, खटल्यात तडजोड व्हायला १९८६ उजाडले. तंत्रज्ञान आपण आणले, तर हा अनुभवही आणायला हरकत नव्हती.

या गाडीत बसणार कोण? भाडे फर्स्ट एसीच्या आसपास राहील, असे रेल्वेमंत्र्यांनी २०२२ मध्ये म्हटले होते. डहाणू-विरार लोकल इथे २०१३ ला आली. तारापूरच्या एमआयडीसीत पोचणारा कामगार, भाजीची पाटी नेणारी बाई आजही त्या लोकलच्या फेऱ्या मोजत उभी असते. बोईसरला बुलेट ट्रेनचे स्थानक होईल, तिथे आमच्या ओळखीच्या काही मुलांना सुरक्षारक्षकाचे काम लागेलही. कंत्राटी.

आता वाढवण. बंदराला जून २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, ७६ हजार कोटींवरचा प्रकल्प, आणि त्याला महामार्गापर्यंत सुमारे ३२ किलोमीटरचा जोडरस्ता. इथे बुलेट ट्रेनसारखे उशिरा जागे होऊन चालणार नाही. मोजणीच्या आधी गावोगाव चार कामे करता येतात: वारसनोंदी पूर्ण करणे, अर्धेलीने कसणाऱ्यांची आणि मजुरांची यादी ग्रामसभेच्या इतिवृत्तात घेणे, प्रलंबित वनहक्क दाव्यांच्या पोचपावत्या एकत्र करणे, आणि प्रत्येक घराचा, विहिरीचा, झाडांचा तारखेसह फोटो काढणे. यासाठी वकीलच हवा असे नाही. सातबारा आणि फेरफार वाचता येणारी, मोबाईल चालवणारी दोन मुले एका गावाला पुरतात. आम्ही पावसाळा संपला की पुन्हा जाणार आहोत. समाजकार्य, कायदा किंवा भूमापन शिकलेल्या ज्यांना चार रविवार देता येतील त्यांनी यावे. राहण्याची सोय वस्तीतच होते. येताना निळा झेंडा नाही आणला तरी चालेल, वही मात्र आणा.